जंगलातलं क्रोमियम

३ सप्टेंबर
प्रबंधाला मुदतवाढ मिळाली. ही शेवटची, गाइड मॅडमनी बजावलं. गरजच काय! विषय कसा खणखणीत: धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंग कारखान्यामागच्या जंगलातल्या वनस्पती मातीतून किती क्रोमियम नि निकेल शोषतात. महिनाभराचं काम. उद्या पहाटे सुरुवात.

५ सप्टेंबर
काल पाय दुखत होता. आज गेलो, दुपारी. नेचे, रानभाज्या, झुडपांचा पाला आणला. वाळवून पूड करायची. लॅबमध्ये त्यासाठी दगडी खल आहे, पण हात मोडून येतात. घरी मिक्सर कशाला आहे? बायको ऑफिसला गेली की काम फत्ते.

१५ सप्टेंबर
बायको म्हणते, मिक्सर नुसता घुरघुरतो, वाटत काहीच नाही. वर पाल्याचा वास. म्हटलं, तुला सर्दी झालीय.

३० सप्टेंबर
रिपोर्ट आला. क्रोमियमच क्रोमियम! निकेलही! कारखान्यापासून सगळ्यात लांबच्या राठ नेच्यांत तर सगळ्यात जास्त. आधी चक्रावलो. मग सुचलं: धूर लांब जाऊन पडत असणार. हा सिद्धांत माझ्या नावाने ओळखला जाईल.

१ ऑक्टोबर
तुलनेसाठी सासूबाईंच्या कुंडीतला पाला दिला होता. त्यातही तेच! म्हणजे विष बाल्कनीपर्यंत आलं. सासूबाईंनी जंगलातून खुडून आणलेली भाजी त्यांच्यादेखत कचऱ्यात टाकली. त्या बोलेनाशा झाल्यात. असो. जीव वाचवले, पण कौतुक नाही.

९ ऑक्टोबर
पूड कशात केली, मॅडमनी विचारलं. यांत्रिक पद्धतीने, मी म्हणालो. त्यांनी कोरा फिल्टर पेपर हातात ठेवला: हाही तसाच दळून आणा. जळतात लोक.

१६ ऑक्टोबर
फिल्टर पेपरमध्येही क्रोमियम. नेच्यापेक्षा जास्त. हा कुठल्या जंगलात उगवतो, असं मॅडमनी विचारलं. सगळ्यांसमोर. नेचे मग त्यांनी खलात कुटून तपासले. काही नाही. जंगल धुतल्या तांदळासारखं. क्रोमियम नि निकेल मिक्सरच्या स्टीलच्या पात्याचं, झिजून पुडीत उतरलेलं. मुदत उद्या संपते.

घरी सांगून टाकलं. बायकोने पात्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, धार गेली म्हणून मी दुकानात खेपा घालतेय, ती तुमच्या प्रबंधात होती होय!

सासूबाईंनी जेवताना पानात रानभाजी वाढली. मग पुन्हा वाढली. मी मुकाट्याने खाल्ली. चांगली झाली होती.