चिमूटभर भुकटी आणि माझा सढळ हात

३ मार्च, बिश्केक
आयझिरेककडे पोचले. नात माझी कॉलेजात प्लास्टिकचं शिकते. लोकर पिंजायच्या यंत्रात पितळी बुश असतात, दांडा फिरतो त्या कड्या, त्यांच्या जागी हिचं प्लास्टिक बसवायचंय. शुक्रवारी गिरणीवाले बघायला येणार. पसंत पडलं की नोकरी पक्की. मी आलेय म्हणजे पडणारच. चहा तिने रीतीने दिला, अर्धाच पियाला. काठोकाठ भरला तर पाहुण्याने ओळखून उठायचं, हे मीच शिकवलंय तिला. बसची सीट वाईट होती. कंबर गेली.

५ मार्च
लॅबमध्ये गेले. पोर नाकाला फडकं बांधून राळेत पांढरी भुकटी घालते. कण इतके बारीक की एकेकटा दिसत नाही म्हणे. आणि घातली किती? चिमूटभर! म्हटलं, चार माणसं यायची, हात असा आखडता? तर म्हणे एवढीनेच प्लास्टिक चिवट होतं, झिजतंही कमी. हात लावू नकोस म्हणाली. बहुतेक स्वतःशीच.
ती फोनवर गेली. राळेचं भांडं यंत्रावर गरगरतंय. जन्मभर शेवयांची कणीक मी अंदाजानेच मळली. दोन डाव भरून भुकटी घातली. काय घट्ट झालं! बोलले नाही. मिरवायची सवय नाही मला.

६ मार्च
साच्यातून तुकडे काढले. आयझिरेक एक तुकडा बराच वेळ उजेडात धरून बसली. कौतुकाने. मी पाहुण्यांसाठी कणकेचे बोर्सोक तळले.

७ मार्च, शुक्रवार
गिरणीवाल्यांसमोर यंत्राने एक तुकडा वाकवला तर कुरुतसारखा, वाळल्या दह्याच्या गोळीसारखा टक्कन तुटला. दुसरा पोलादी चाकावर घासला, त्यातून खडे सुटले आणि चाकालाच ओरखडे. गिरणीचे म्हातारबुवा म्हणाले, यापेक्षा आमचं पितळ बरं. बोर्सोक घेतला आणि गेले. यंत्र जुनं असणार. भुकटीच कमी पडली असेल, मी तरी दोनच डाव घातली, असं मी सांगितलं. पोरीने तुटलेला तुकडा उचलला. मग हळूच म्हणाली, "अपा, चिमूटभर होती तेव्हा कण न् कण राळेला धरून होता. तुझ्या डावाने त्यांच्या गाठी झाल्या. गाठीपाशीच तुटलं ते."
कणकेतही गाठी होतात. मी अजून मळते. मग जातात.

८ मार्च
नौरुझच्या सणानंतर गिरणीवाले परत येतील, हातापाया पडून कबूल करवून घेतलंय तिने. म्हटलं, मी राहतेच तोवर, मदतीला. तिने चहा ओतला. काठोकाठ. शहरात राहून रीत विसरली बिचारी. पिऊन पियाला पुढे केला. पुन्हा काठोकाठ.

९ मार्च, घरी नारिनला जाणारी बस
तिकीट पोरीने आधीच काढून ठेवलं होतं. खिडकीचं. किती जपते मला.