हवालदाराचा चेंडू

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत आहोत, आणि या वेळी हे नुसतं रीत म्हणून लिहिलेलं नाही. तुझे भावोजी चक्क जेवतात! काल भात पुन्हा मागून घेतला. आजारपणात त्यांची पँट मी तीनदा आत घेतली होती, तीच या आठवड्यात उसवून सैल केली. शिवण उसवताना एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. मी मशीनवर बसून गात होते; शेजारचा घड्याळवाला काय झालं म्हणून डोकावून गेला.

दुकानात सध्या दुसरा विषयच नाही. गांजाला कायद्याने परवानगी द्यावी की नाही, यावर मापं देता देता बायका हमरीतुमरीवर येतात. परवा मुख्याध्यापिका बाई हात वर करून उभ्या होत्या, मी माप घेत होते, आणि "पोरं बिघडतील हो!" म्हणून त्या अशा उसळल्या की टाचणी मलाच टोचली. रविवारच्या सभेची पत्रकं वाचनालयाबाहेर लागली आहेत. विरोधात बोलणार निवृत्त फौजदार, आणि खाली तुझा फोटो. मिशा झकास आल्यात.

हवालदार कसा आहे? त्याचं नाक गेलं म्हणून आता त्याला बरोबर नेत नाहीस, असं फोनवर म्हणालास. तुझ्याबरोबर निवृत्त झालेला कुत्रा तो, सगळी नोकरी गांजा हुंगण्यात गेली त्याची. आणि मागच्या महिन्यात आमच्याकडे आला तो माझ्या शिलाई मशीनसमोर बसला तो बसलाच. तू ओशाळलास. "म्हातारा झाला गं ताई, भलतीकडेच बसतो," म्हणालास आणि त्याला ओढत नेलंस. मी हसले. जरा जास्तच हसले, तुझ्या लक्षात आलं नाही.

तूच शंभरदा सांगितलंयस, माल सापडला की त्याने भुंकायचं नाही, गप बसायचं आणि बक्षिसाच्या चेंडूची वाट बघायची.

मशीनच्या खणात, बॉबिनांखाली, पुडी होती. तुझ्या भावोजींची.

केमोचं सलाईन घेऊन आले की पाण्याचा घोटही त्यांच्या पोटात ठरत नव्हता. गोळ्या झाल्या, पथ्यं झाली. मग कुणीतरी हे सुचवलं. कुठून आणलं ते विचारू नकोस, सवयीने वही काढशील. तोंडाला विडीचा वास आला म्हणून तुला बदडणारी मी, गॅलरीत नवऱ्याला काडी पेटवून देत होते. दोन झुरक्यांनंतर हे माझ्या बटणांच्या डब्याकडे कौतुकाने बघत बसले. "काय सुंदर बटणं आहेत गं!" म्हणाले. संसार झाला सगळा, आज लक्ष गेलं! आणि मग म्हणाले, भूक लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तू वाया गेलेली पोरं पाहिलीस, त्यांच्या आयांच्या दारात तूच उभा राहिलास. ते मी विसरलेले नाही. सभेत तू बोलशील त्यातलं निम्मं मलाही पटेल. उरलेल्या निम्म्यासाठी मात्र मी उभी राहणार आहे, परवानगीच्या बाजूने. आजाऱ्याला तरी हे लपवून घ्यावं लागू नये, एवढंच म्हणेन. तुला ते चारचौघांत कळू नये म्हणून आधी लिहिते आहे. भीती अटकेची नाही रे. तू आमच्याकडे यायचा बंद होशील, याची वाटते. यांना पत्त्यांत हरवणारं दुसरं कोण आहे?

तेव्हा सभा संपली की भांडायला घरीच ये. मी चौघांचं जेवण धरते, हवालदारासकट. हे पत्र पुरावा म्हणून ठेवलंस तरी चालेल. पण आत्ता, वाचून झाल्या झाल्या, आधी उठ आणि त्याचा चेंडू त्याला दे. महिनाभर वाट बघतोय बिचारा.

तुझी, आणि आता तुझ्याच हातात असलेली,
ताई