ऑड्रे कोणाकडे जाईल

९ नोव्हेंबर १९३८, चौक गाव

आज बालवर्गाला विचारलं — वाट चुकलात, भीती वाटली, तर कोणाकडे जाल? कोणी म्हणालं आजीकडे, कोणी पाद्रीबाबांकडे. ऑड्रे खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दर्याकडं."

पाच वर्षांची पोर. ऑगस्टात तिचा बापूस आर्थर मासळीला गेला, तो परतलाच नाही. वर्गात कोणी हसलं नाही.

१० नोव्हेंबर

शाळा सुटली की ती किनाऱ्यावर बसते — पाण्याशी हळूहळू बोलत. सगळं इतकं धूसर, की आभाळ कुठे संपतं कळत नाही. तिची आई डॉरिस म्हणाली, "मी सांगते तिला, येल तो. दुसरं काय सांगू, बाई?"

१४ नोव्हेंबर

भीती वाटली तर कोणाकडे जायचं ते दाखवायला मुलांना गावातून फिरवलं. जिजाबाई बोंबील वाळत घालत होती. लुगड्याला हात पुसून तिने एकेकाचा हात हातात घेतला. "कवा बी या. मी हितंच हाय."

मी मुलांना सांगितलं — गोड बोलतो म्हणून कोणी आपला होत नाही. 'आईला सांगू नको' असं जो म्हणेल, त्याच्यापासून पळायचं आणि इथे यायचं.

ऑड्रे वाऱ्यावर हलणारे बोंबील बघत होती. ऐकलं की नाही, कोण जाणे.

१८ नोव्हेंबर

स्वप्नात समुद्र वर्गात आला होता. बाकांखाली, अगदी शांत. मुलं पाय हलवत बसली होती.

२२ नोव्हेंबर

दुपारी एक परका माणूस होडी लावून ऑड्रेपाशी आला. म्हणे — तुझा बाप माझ्या घरी आहे, चल, आईला सांगू नको. ती उठली. होडीपर्यंत गेलीसुद्धा. मग वळली आणि पळत सुटली, ती थेट जिजाबाईच्या अंगावर. "मावशी, तो बोलतो आयेला सांगू नको!"

जिजाबाईने अशी हाक दिली, की माणसं हातातली जाळी टाकून धावली. तोवर होडी उन्हाच्या चकाकीत विरून गेली होती. डॉरिस लेकीला मिठीतून सोडेचना.

२३ नोव्हेंबर

सकाळी ऑड्रे माझ्या मांडीवर येऊन बसली. "बाई, तो खोटा बोलला ना?"

"हो."

"मंग बापूस येनार न्हाय?"

सगळं गाव तिला येईल, येईल म्हणत आलंय. मी तिला जवळ घेतलं. "न्हाय, बाळा."

ती आज पहिल्यांदा रडली.