लव्हाळीतला मुरूम

२ जून
ट्रॅक्टरवर लागलो. टेकडीचा मुरूम आणायचा, लव्हाळीत ओतायचा. गावामागची ती दलदल, आता तिथं प्लॉट होणार. सुनंदाताई खूश. "सहा महिने तरी एका जागी टिक रे बाबा." तिचं नवं घर लव्हाळीच्या खालीच, नाल्याकाठी.

१९ जून
एक पाणकोंबडी पिलं घेऊन लव्हाळ्यातून पळाली. तिच्यामागं गेलो, दोन ट्रिपा हुकल्या. मुकादमाच्या शिव्या.
मेंढ्यावाले सोमाकाका बांधावरून: "पाणी इथं येऊन बसत होतं रे. आता कुठं बसन?"
"खुर्ची देऊ का त्याले?" सगळे हसले. काका नाही.

५ जुलै
गेल्या साली गोदावरीच्या मुखाशी होतो, झिंग्याच्या तळ्यांवर. तिथंही खारफुटी तोडून तळी केलेली. वादळात पाणी थेट शाळेत शिरलं, मीच बाकं उचलत होतो. मग काऊन टाकून राह्यलो मुरूम? तिथून पळून आलो. इथून कुठं...

२७ जुलै
आधी नाल्याला पाणी दुसऱ्या दिवशी चढायचं. आता पाऊस थांबायच्या आत. काम संपलं. अदिलाबादला ट्रॅक्टरचा टायर आणायला गेलो, बाजारात पोपटवाला बघत बसलो. पोपट तेलुगू बोलतो.

पोळा
यंदा बैल बोअरच्या पाइपानं धुतले. लव्हाळीच्या काठानं हरेक घराचा धुवायचा दगड होता, ओळीनं.
भाऊजी तहसीलला अर्ज देणार, लव्हाळीतला मुरूम काढा म्हणून. "सर्वेवाले पुरावा मागतात. काठ कुठवर होता, ते दगड सापडतील का रे?"
म्हटलं, आठवत नाही.
साफ आठवते. मीच गाडले.

४ सप्टेंबर
ताईच्या पहिल्या पायरीला पाणी. ताईनं पोरांची दप्तरं खुंटीला टांगली. बॅग भरली मी. मंचेरियलची गाडी दुपारची. गेलो नाही.

५ सप्टेंबर
सकाळपासून उकरून राह्यलो. तीन दगड लागले. सोमाकाका बघत होते, मग घोंगडी ठेवून आले. "तिकडं नाही, बाभळीकडं खण."
ताई आली. सांगितलं तिला सगळं, दगडाचं आणि पोळ्याच्या खोट्याचंही.
तिनं खड्ड्यात वाकून पाहिलं. मग, "मुरूम किती खोल टाकलास?"
"छातीएवढा."
घरी गेली. वाटलं, संपलं. फावडं घेऊन परत आली.

६ सप्टेंबर
सात दगड. ओळ दिसते आता. सर्वेवाला सोमवारी येतो म्हणे. पैनगंगेकडं आभाळ काळं. दुसरी पायरी बुडाली, राहिली एक. आमच्या घराचा दगड अजून लागला नाही.