बाबांना पुन्हा बाटली लावू नकोस

तीर्थपुरी,
मंगळवार

राजानंददादा, जय भीम.

मी बरा आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. वहिनीला हे पत्र तुला मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं आहे.

मी ज्यांच्या दवाखान्यात कामाला आहे, त्या डॉक्टरबाईंनी दिवाळीत आपल्या घरी येऊन बाबांना अर्धा तास तपासलं. सुजलेले पाय दाबून पाहिले, लोणचं किती खाता तेही विचारलं. हृदय कमजोर आहे, मीठ कमी करा, सलाईन बिलकुल नको, असं सांगितलं. तू बाहेर येऊन हसलास, "सुई न्हाई, बाटली न्हाई. डॉक्टर हाय का सोयरिक जमवायला आल्ती?"

त्याच बाईंनी आज सकाळी एका पोरीच्या कानातला हरभरा काढला आणि दुपारी एका म्हातारीची जखम धुवायला शेतावर गेल्या. कोणाच्या घरात कोण जेवत नाही, हे त्यांना माहीत असतं. तुला घरात राहून माहीत नाही.

त्यांनी नको सांगूनही, ताकद यावी म्हणून तू बाबांना दोन बाटल्या लावून आणल्यास. ते पाणी छातीत साठलं आणि चार दिवस बाबा जालन्याला ऑक्सिजनवर होते. आता अशक्तपणा आहे म्हणून तू तिसरी लावणार, असं वहिनी म्हणाली. आई जेवते का? बाबा दम न लागता आडवे झोपू शकतात का?

रविवारी बाई घरी येत आहेत, मी सोबत आहे. बाबांच्या हाताला नळी दिसली, तर मी स्वतः काढीन. तू मोठा आहेस म्हणून थांबणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
बुद्धभूषण