लोकरीचा वाडगा आणि एक पैज

२ मार्च
आजपासून हस्तकला. यूट्यूबवर पाहिलं. विणणाऱ्या बायका लोकरीचा गुंडा लाकडी वाडग्यात ठेवतात. वाडग्याच्या कडेला वळणदार फट, तिच्यातून धागा बाहेर. गुंडा घरभर पळत नाही. परदेशात तुफान मागणी. अख्ख्या कन्हेरी गावात कुणी बनवत नाही, म्हणजे कॉम्पिटिशन शून्य. बायको, योगिनी, म्हणाली, या उन्हात लोकर इनतंय कोण? तिला मार्केटिंग कळत नाही.

५ मार्च
योगिनी इंदापूरला माहेरी गेली. वहिनीचं बाळंतपण. बाळाच्या टोपड्याची लोकर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून नेली. जाताना पैज लावली: ती परत येईपर्यंत एक तरी वाडगा विकायचा, नाहीतर तिचे दादा, म्हणजे माझे मेहुणे विजयसिंहराव यांच्या खताच्या दुकानात कामाला लागायचं. हसलो. एक? तोवर निर्यात चालू असेल.

८ मार्च
बांधावरची बाभळ तोडली. अंगणात लाकूड कातायचं लेथ मशीन बसवलंय, त्यावर वाडगा झकास उतरला. सकाळी तडकला. दुसराही तडकला. लाकूड वर्षभर वाळवा, असं व्हिडिओत शेवटी सांगतात म्हणे. शेवटपर्यंत कोण बघतं? तिसरा लेथवरून निसटून शेजारच्या दगडाबाईंच्या कोंबड्यांत पडला. त्या म्हणाल्या, कोंबडी बिथरली तर आंड्यांवर तुलाच बसवीन. कलाकाराला विरोध व्हायचाच.

११ मार्च, दुपारी
ऑर्डर आली!! व्हॉट्सॲपवर. कुणी सोनम, इंदापूर. पत्ता विजयसिंहरावांच्या अगदी शेजारचा. मेहुण्याच्या नाकावर टिच्चून! क्वालिटी बोलते शेवटी. (शाबूत वाडगा अजून एकही नाही. तो वेगळा विषय.)

संध्याकाळी
वाळलेलं लाकूड सापडलं. स्वयंपाकघरात. भाकरीचं पीठ मळायची काठवट. योगिनीच्या आईची, सागवानी, आयता वाडगाच. फक्त फट पाडायची. योगिनीला स्टीलची परात घेऊन देऊ. उचलायला हलकी.

१२ मार्च
फट पाडली. जरा वाकडी गेली, पण हॅण्डमेड म्हटल्यावर एवढं चालतं. पॉलिश केलं, तळाशी स्वतःचं नाव कोरलं. इंदापूरच्या एसटीनं पार्सल रवाना. पैज जिंकलो! विजयसिंहरावांना लगेच फोन केला, माझी वाट बघू नका, दुसरा माणूस ठेवा. फार बरं वाटलं.

१५ मार्च
योगिनी आली. काखेत माझं पार्सल.
सोनम ही माहेरची शेजारीण. मोबाईल तिचा, ऑर्डर योगिनीची. म्हणाली, दादाच्या हाताखाली तुमाला राबायला लागू न्हाय, म्हनून मागवला. मग काठवट उभी धरून फटीतून माझ्याकडं बघत राहिली. ओरडली असती तर परवडलं असतं. लाज वाटली. तरी म्हणालो, तत्त्वतः विक्री झाली, पैज मीच जिंकलो. ती म्हणाली, व्हय, जिकला.
आणि काठवट घेऊन आत गेली.

१६ मार्च
विजयसिंहरावांना फोन केला. जागा कालच भरली.
योगिनीला म्हणालो, चुकलो. ती टोपडं विणत होती. मान वर न करता म्हणाली, आदी भाकरी करा, मग बगू. स्टीलची परात घेतली. भाकरीत काय अवघड?
दुपारपर्यंत डब्यातलं पीठ संपलं. भाकरी एकही झाली नाही.