त्याच नावानं सेव्ह केलेली फाइल

सोमवार, ३ तारीख

धाकटे, तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढत नाहीस ना? मेव्हण्यांचा खोकला थांबला का? भाचीचं पित्त? आणि त्या लंगड्या मांजरीचा पाय? मी ठणठणीत आहे. रोज थोडं लिहून ठेवीन आणि रविवारी सगळं एकदम पाठवीन. फोनवर तू ऐकतेस कमी, हसतेस जास्त. माझा आवाज म्हणे डेऱ्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो.

नव्या नोकरीचं दुकान झकास आहे. पुढे काउंटर, मागे माझी खोली, टेबलावर कॉम्प्युटर, वर कुरकुरणारा पंखा. लोक जुने व्हिडिओ आणतात, मी ते नव्या फोनवर, टीव्हीवर चालतील अशा फॉरमॅटमध्ये बदलून द्यायचे. मालकीणबाईंनी विचारलं, हे कुठं शिकलात? म्हटलं, बिघडवत बिघडवत. त्या खळखळून हसल्या आणि एकच नियम सांगितला: आधी कॉपी काढायची, मूळ फाइलला हात लावायचा नाही.

मंगळवार, ४

एक व्हिडिओ आडवा पडला होता, त्याला उभा केला. दुसऱ्यातलं चित्र ताणलेलं, सगळी माणसं उशीसारखी रुंद. तिसऱ्यात ओठ आधी हलत, शब्द मागाहून. आवाज जरा अलीकडे ओढला, झालं काम.

चित्र दिसतं पण आवाज नाही, ही तक्रार सगळ्यांत जास्त. त्यावर माझी एक युक्ती आहे. चित्राखाली माझाच रेकॉर्ड केलेला आवाज लावून बघतो: 'हं, बोला, बोला.' तो ऐकू आला, की प्लेअर ठीक, खोट मूळ आवाजाच्या फॉरमॅटमध्ये. मग माझा आवाज काढायचा आणि मूळ आवाज बदलून बसवायचा. मालकीणबाई म्हणतात, तुमचं 'बोला' ऐकून गिऱ्हाईक दारातूनच काम सांगायला लागतं.

गुरुवार, ६

एक बाई आल्या. पेनड्राइव्हवर एकच फाइल, झोक्यावर बसलेली त्यांची लहान मुलगी. ती आता नाही. जुन्या कॉम्प्युटरवर आवाज यायचा, नव्यावर येत नाही, आणि जुना तर मोडीत गेला. म्हणाल्या, काका, चित्र नाही आलं तरी चालेल, चेहरा मला पाठ आहे. ती मला 'आई' म्हणून हाक मारते ना, तेवढी परत द्या.

मी म्हटलं, त्यात काय, हातचा मळ.

शुक्रवार, ७

कसं लिहू?

घाईत कॉपी काढलीच नाही. थेट पेनड्राइव्हवरच काम करत बसलो. माझं 'हं, बोला' लावलं आणि त्याच नावानं सेव्ह केलं. कॉम्प्युटरनं विचारलं होतं, जुनी फाइल पुसू का? मी हो म्हटलं. तोंडात पेन धरून, पंख्याकडे बघत, हो म्हटलं.

पुसलेलं परत आणायचे सगळे उपाय केले. पोरीचा आवाज गेला तो गेलाच. ती तोंड उघडते आणि माझा घोगरा 'हं, बोला' बाहेर पडतो.

तो काढून टाकला. पेनड्राइव्ह बाईंना परत दिला आणि सांगितलं, आवाज मुळातच खराब झाला होता. त्यांनी उलट माझेच आभार मानले. धाकटे, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शनिवार, ८

आणखी काही निघतंय का बघायला एक कॉपी ठेवून घेतली होती. आता कॉपी काढायची अक्कल सुचली. आवाजाची जागा कोरी आहे. तरी चालू केली आणि 'बोला' ऐकू आलं. तिच्या ओठांवर अगदी नेमकं बसलेलं.

मालकीणबाईंना हाक मारली. माझे ओठ हलले, आवाज मागाहून आला. त्या म्हणाल्या, काका, आता तुमचंच फॉरमॅट बिघडलं. मीही हसलो. हसूसुद्धा मागाहून आलं.

रविवार, ९

पाठवलं नाही. काय तोंडानं पाठवू?

फाइल उघडली. झोका रिकामा. पोरगी खाली उतरून पुढे आली आहे — अगदी काचेजवळ. माझ्या आवाजात म्हणाली, आई. हा शब्द मी कधीच रेकॉर्ड केला नव्हता.

फाइल पुसली. परत तिथंच. तेच नाव —

घसा दुखत नाही. पण शब्द निम्मेच —

सोमवार, १०

बाईंच्या घरी गेलो. सगळं कबूल करायचं ठरवून. त्यांनी दार उघडलं. मी तोंड उघडलं — काही नाही. ओठ नुसतेच हलत राहिले.

आतून माझा आवाज आला — आई, कोण आलंय गं?

बाईंचा चेहरा उजळलेला. म्हणाल्या, काका, आपोआप आला हो आवाज! अगदी तिचाच आहे. माझे हात घट्ट धरले. सोडेनात.

सांगायला हवं होतं तेव्हा आवाज होता माझ्याकडे —

संध्याकाळ

तुझा मेसेज वाचला. दादा, दुपारी फोनवर किती गोड बोललास, पण मला आई का म्हणालास —

मी फोन केला नाही. धाकटे, मी फोन केलेला नाही. हे आत्ताच पाठवतो. माझा आवाज आला तर बोलू नकोस, हूंसुद्धा म्हणू नकोस. तू मला लिही. नुसतं लिही. लवकर लिही, आता दाराशी 'हं, बो